कोळशाचा सेस गेला कुठे, कारखान्याच्या हाती आले काय

कारखान्यांनी कार्बन कमी करावा म्हणून सरकारने पैसा लावायचा, हे आपल्याकडे बराच काळ दुसऱ्याच नावाखाली चालले. 1999 पासूनची कापड उद्योगातली तंत्रज्ञान सुधारणा योजना यंत्रांच्या कर्जावर 5 टक्के व्याज भरून देत असे. वीज-वाफ वाचली तर तो वरकड फायदा. 2012 मध्ये 8 क्षेत्रांतल्या 478 मोठ्या ऊर्जाग्राहकांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये लागली. त्यात सरकारी पैसा नव्हता. जास्त वाचवणाऱ्याने प्रमाणपत्रे विकायची, कमी पडणाऱ्याने विकत घ्यायची, एवढाच व्यवहार.

या कामासाठी वेगळी थैली एकदाच शिवली गेली. 1 जुलै 2010 पासून कोळसा, लिग्नाइट आणि पीटवर टनामागे 50 रुपये सेस, म्हणजे उपकर, लागला आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभा करायचे ठरले. दर 2014 मध्ये 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. देशी कोळशाच्या टनामागे ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले, तर त्या वायूच्या टनाला अडीचशे रुपयांच्या वर किंमत बसली. जगाच्या मानाने किरकोळ, पण होती.

वाद आहे तो पुढचाच. 2010-11 ते 2017-18 या काळात सेसचे सुमारे 86,440 कोटी रुपये जमा झाले. निधीत वर्ग झाले 29,645 कोटी आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना गेले 15,911 कोटी. सेस आधी सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिथून निधीत किती घालायचे ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पात ठरते, त्यामुळे हे कायद्याला धरूनच झाले. निधीतून प्रकल्पाच्या खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंतच मदत मिळे आणि तीही मुख्यतः सौर-पवन विजेकडे वळली. ज्या बॉयलर-भट्ट्यांनी सेस भरला, त्या बदलायला त्यातून फारसे काही आले नाही.

2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सेस रद्द झाला आणि त्याच दिवशी तेवढाच, टनामागे 400 रुपये, भरपाई उपकर म्हणून परत लागला. राज्यांना वर्षाला 14 टक्के महसूलवाढीची हमी दिली होती. ती पाळायला पैसा हवा होता. त्याशिवाय राज्ये जीएसटीला तयार झाली नसती, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या दिवसापासून कोळशावरचा पैसा आणि कार्बन यांचा संबंध कागदावरही उरला नाही. 2022 मध्ये हमीची 5 वर्षे संपल्यावरही कोविडकाळात राज्यांसाठी काढलेली कर्जे फेडायला उपकर चालूच राहिला.

22 सप्टेंबर 2025 ला तोही गेला. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. ‘बोजा साधारण तेवढाच’ असे तेव्हा सांगितले गेले. जरा आकडे मांडून पाहा. 1,500 रुपये टनाच्या कोळशावर पूर्वी 75 अधिक 400, म्हणजे 475 रुपये जात, आता 270. 4,000 रुपयांच्या कोळशावर पूर्वी 600, आता 720. तीन हजारांच्या थोडे वर दोन्ही हिशेब जुळतात. म्हणजे जास्त राखेचा, हलका कोळसा स्वस्त झाला आणि चांगला महागला. शिवाय भरपाई उपकराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, फक्त उपकराविरुद्धच चालायचे, त्यामुळे बहुतेक कारखान्यांना तो खर्चच पडे. 18 टक्के मात्र मालावरच्या करातून वळते होतात. वीज करमुक्त असल्याने वीजकेंद्राला ही सोय नाही, कारखान्याला आहे. उद्योगापुरती कोळशावरची कार्बनची किंमत शून्यावर आली.

त्याच वर्षी 15 जुलैला पानिपतमधून लघु-मध्यम उद्योगांसाठीची ऊर्जाबचत योजना सुरू झाली होती. 3 वर्षांसाठी 1,000 कोटी, त्यातले 875 कोटी व्याजसवलतीला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला 5 टक्के, मध्यमला 3 टक्के. अट किमान 10 टक्के ऊर्जाबचतीची. 1999 चाच साचा, नाव नवे. 1 कोटीच्या कर्जावर पहिल्या वर्षी 5 लाख सुटतात. भट्टीचे कर्ज काढायचे की नाही हे त्यावर ठरत नाही, तारण आहे की नाही यावर ठरते. बँक वाचणाऱ्या विजेच्या युनिटांवर कर्ज देत नाही.

गडबड होते ती या 10 टक्के बचतीच्या मोजणीत. कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीचे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचे पाहा. विजेच्या युनिटांना विकलेल्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) टनांनी भागले, तर रिजेक्शन (नापास माल) किंवा रनर-रायझरचे (साच्याच्या वाटांत थिजून नंतर कापून टाकलेल्या धातूचे) वजन बदलले की बचत झाल्यासारखी दिसते किंवा गायब होते. भागायचे ते वितळवलेल्या धातूने, आणि भट्टीला वेगळा मीटर हवा. ज्याच्याशी तुलना करायची ते आधारवर्ष मंदीचे निघाले तर कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवरचे पंप यांचा ठरलेला भार थोड्या टनांवर पडून आकडा फुगतो. पुढच्या वर्षी ऑर्डरी वाढल्या की काही न करता 10 टक्के ‘वाचतात’.

क्युपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) काढून इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) बसवणाऱ्याचा हिशेब आणखी तिरका. टन धातूला 135 किलो कोक धरा, किलोला 6,500 किलोकॅलरी: सुमारे 8.8 लाख. इंडक्शनला 600 युनिट, म्हणजे 5.2 लाख. कारखान्याच्या फाटकाआत मोजले तर ऊर्जाबचत 40 टक्क्यांच्या आसपास. आता कार्बन पाहा. किलो कोकमागे साधारण 3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टन धातूला 405 किलो. ग्रिडच्या युनिटमागे साधारण 0.7 किलो म्हणजे 420. धुराडे गेले, शेजाऱ्यांची तक्रार मिटली, कार्बन होता तिथेच. तो खाली यायचा तर त्या 600 युनिटांतली बरीच सौर किंवा पवनविजेची असावी लागतात, आणि त्यासाठीचा करार किंवा छतावरचे पॅनेल हा भट्टीच्या कर्जाबाहेरचा वेगळाच खर्च आहे.