डिजिटल वित्तीय समावेशन : संशोधनाचे प्रवाह आणि बेळगाव सीमाभाग

बँकखाते, बचत, कर्ज, विमा व पैशांची देवघेव या सेवा मोबाइल, आधार आणि संगणकीय जाळ्यामार्फत बँकेपासून दूर राहिलेल्यांपर्यंत नेणे म्हणजे डिजिटल वित्तीय समावेशन. या विषयाच्या अभ्यासाला वेग आला तो केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल पैसेसेवेमुळे. तिच्यामुळे केनियातील सुमारे २ टक्के कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, असे अनुमान तवनीत सुरी व विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये मांडले. दुसरीकडे, लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात यावर फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या प्रतिमानाची (सेवा उपयुक्त आणि सोपी वाटली तर लोक ती स्वीकारतात) प्रश्नावली घेऊन शे-दोनशे लोकांची मते नोंदवणारे निबंध आजही ढिगाने निघतात. त्यांतून नवे फारसे हाती लागत नाही.

भारतात प्रश्नाचा रोख बदलला तो जनधन योजनेनंतर (ऑगस्ट २०१४). जागतिक बँकेच्या फिंडेक्स पाहणीनुसार खातेदार प्रौढांचे प्रमाण २०११ मधील ३५ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ८० टक्क्यांवर गेले; पण तेव्हा जवळपास निम्मी खाती वर्षभर वापराविना पडून होती. साहजिकच अभ्यास वापराकडे वळला. रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय समावेशन निर्देशांकातही उपलब्धतेला ३५, वापराला ४५ आणि गुणवत्तेला २० टक्के भार आहे. मार्च २०१७ मध्ये ४३.४ असलेला हा निर्देशांक मार्च २०२५ मध्ये ६७ झाला.

बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात समावेशन मोबाइलबरोबर आले असे मानणे चूक आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली पिग्मी ठेव, म्हणजे एजंटाने रोज दुकानात येऊन थोडीथोडी रक्कम गोळा करणे, इथल्या बाजारपेठांत आजही चालते. भिशी आणि बचत गट आहेतच. पतपुरवठा करणाऱ्या अनेक सहकारी संस्था कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, तर पलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातील पतसंस्थांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू होतो. ठेवीदाराच्या लेखी दोन्ही ‘सोसायटी’च. मात्र ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांनाच आहे, या संस्थांना नाही. यूपीआयचे व्यवहार मोजणाऱ्या अभ्यासांतून हा सगळा थर निसटतो.

सीमाभाग संशोधनाला खरा उपयोगी पडेल तो वेगळ्या कारणाने. कर्नाटकातील निपाणी आणि शेजारचे कोल्हापूर जिल्ह्यातील कागल यांची भाषा, पिके, सोयरीक एकच, सरकारे दोन. कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना (ऑगस्ट २०२३) शिधापत्रिकेवरील कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये देते. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना (जुलै २०२४) २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रीला १,५०० रुपये देते. पैसे दोन्हीकडे थेट खात्यात जातात, पण एकत्र कुटुंबात निपाणीकडे ते बहुधा सासूच्या खात्यात पडतात, कागलकडे सुनेच्याही पडू शकतात. मध्य प्रदेशातील एका प्रयोगात (प्रसिद्धी २०२१) मजुरी स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली आणि खाते वापरण्याचे प्रशिक्षणही मिळाले, तेव्हा स्त्रियांचे काम वाढल्याचे दिसले. घरातल्या कोणाच्या हाती पैसा जातो, याने काय बदलते ते सीमेच्या दोन बाजूंची गावे ताडून तपासता येईल. राज्यनिहाय सरासरीत ते दिसणे शक्य नाही.

खात्यातला पैसा हाती येण्याची वाट बहुतेकदा बँक मित्राकडून (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडून) जाते: आधार क्रमांक, अंगठा, रोकड. कष्टाने घासलेल्या बोटांचा ठसा यंत्र कधी कधी घेत नाही. खानापूरच्या कणकुंबीसारख्या जंगलपट्ट्यात रेंजचा प्रश्न वेगळाच.

समावेशनाची दुसरी बाजू कर्जबाजारीपणाची. मायक्रोफायनान्स (विनातारण छोटे) कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातले. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला.

शाश्वततेवरील लेखनात हरित ठेवी, हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी उभारलेला पैसा) यांची चर्चा मोठी असते. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट २०२३ पासून लागू आहे. बेळगाव जिल्ह्यात मात्र हा प्रश्न उसापाशी येऊन थांबतो. पीककर्ज कारखान्याच्या बिलातून कापून घेता येते, म्हणून कर्ज देणाऱ्याला ऊस सर्वांत भरवशाचा वाटतो. पाणी सर्वाधिक पितो तोही ऊसच. कर्ज मोबाइलवर मंजूर झाले तरी ते याच पिकाच्या मागे धावते.