काळ्या रानातली भेग आणि एस्प्रेसोचा कप

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. त्यानं घरी एस्प्रेसोचं मशीन घेतलंय. "काका, त्याच बिया, तेच पाणी, तेच मशीन. काल कॉफी काय सुरेख झाली होती! आज मात्र तोंड वाकडं होईल इतकी आंबट. असं का होतं?" माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली. बोअर कुठं घ्यायची, विहिरीला झरा किती लागेल, हेच बघत आलो. कॉफीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यानं पाठवलेला व्हिडिओ पाहिला आणि लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच विषय!

आधी एक गैरसमज दूर करतो. लग्नाच्या हॉलमध्ये वाफेच्या फुसफुसाटात दूध फेसाळवून, वर चॉकलेटची पूड भुरभुरवून आपल्याला 'एस्प्रेसो' म्हणून जी देतात, ती बहुतेक वेळा इन्स्टंट कॉफी असते. तिथं वाफेचं काम फक्त दूध तापवणं आणि फेसाळवणं. खऱ्या एस्प्रेसोत दूध नसतंच. भाजलेल्या बियांची बारीक पूड धातूच्या छोट्या चाळणीत दाबून बसवतात आणि तिच्यातून साधारण ९३ अंश सेल्सिअसचं पाणी ९ बार दाबानं ढकलतात. १८ ग्रॅम पूड घेतली तर २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी कपात उतरावी, हा आजचा रूढ हिशेब. इटलीत ट्युरिनच्या अँजेलो मोरिओन्डोनं १८८४ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्या काळची यंत्रं वाफेच्या दाबावर चालत आणि तो दाब बेताचाच असे. मिलानच्या अकिले गाज्जानं १९४०च्या दशकाच्या शेवटी दांडा आणि स्प्रिंग वापरून तो कितीतरी वाढवला, तेव्हा कॉफीवर ती सोनेरी साय धरू लागली. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात हे काम विजेच्या पंपाकडे आलं.

९ बार म्हणजे किती? घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बारनं जास्त असतो. ९ बार दाब हवा तर पाण्याची टाकी ९० मीटर उंच ठेवावी लागेल. चाळणीचा व्यास ५८ मिलिमीटर धरला तर पुडीच्या चकतीवर सुमारे २४० किलोंचा भार पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता माझा लाडका माणूस. हेन्री डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा अभियंता. वाळूच्या गाळण्यातून पाणी किती वेगानं उतरतं हे त्यानं तिथल्या रुग्णालयात वाळूनं भरलेला नळ उभा करून मोजलं आणि १८५६ साली प्रसिद्ध केलं. नियम साधा आहे. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट, थराची जाडी दुप्पट केली की प्रवाह निम्मा. उरलेलं सगळं त्या थराच्या 'पारगम्यते'वर, म्हणजे तो पाण्याला किती वाट देतो त्यावर. आम्ही विहिरींचा हिशेब याच नियमानं करतो. कॉफीची चकती म्हणजे १ सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा जलधरच, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा आणि वाहू देणारा थर!

एस्प्रेसोचं सगळं सुख-दुःख या पारगम्यतेत आहे. ती ठरते दोन गोष्टींवर, कण किती मोठे आहेत आणि कणांमध्ये पोकळी किती आहे. कणाच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे ती बदलते. कण १० टक्के बारीक झाले तर प्रवाह १०० वरून ८१ वर येतो. पोकळीचा परिणाम याहून तिखट आहे. कोझेनी आणि कारमन यांच्या सूत्राप्रमाणे पोकळीच्या प्रमाणाचा तिसरा घात घ्यायचा आणि त्याला उरलेल्या भरीव भागाच्या वर्गानं भागायचं. पोकळी ४० टक्के असेल तर ०.०६४ भागिले ०.३६, म्हणजे ०.१७८. पोकळी ३६ टक्के असेल तर ०.०४६७ भागिले ०.४०९६, म्हणजे ०.११४. पोकळी चारच टक्क्यांनी घटली आणि प्रवाह तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला.

हे कपात कसं उतरतं ते बघू. चाळणीत १८ ग्रॅम पूड आहे, पण ओतताना डावीकडे थोडी जास्त पडली. डावीकडे ९.३ ग्रॅम, उजवीकडे ८.७. वरून टॅम्परनं, म्हणजे पूड दाबायच्या ठोकळ्यानं, दाबून माथा अगदी सपाट केला. डोळ्यांना सगळं सारखं दिसतं. पण तेवढ्याच जागेत डावीकडे जास्त पूड कोंबली गेली. तिथली पोकळी ३६ टक्के आणि उजवीकडची ४० धरली, तर कपातल्या ३६ ग्रॅमपैकी २२ ग्रॅम उजवीकडून येतात आणि १४ डावीकडून. उजवीकडची पूड तिच्या अडीचपट पाण्यानं धुतली गेली, डावीकडची जेमतेम दीडपट. जास्त धुतलेल्या पुडीतून कडवट, तोंड कोरडं करणारे पदार्थ उतरतात. कमी धुतलेली आंबट लागते, कारण आम्लं लवकर विरघळतात आणि गोडवा मागून येतो. दोन्ही एकाच कपात! आणि हा सगळा घोळ ०.६ ग्रॅमचा. चिमूटभर पुडीचा.

खरी चकती अशी दोन सरळ भागांत वाटलेली नसते. तिच्यात गुठळ्या असतात, गुठळ्यांच्या मधे फटी असतात, कडेला चाळणीच्या भिंतीलगत सैल जागा असते. विदर्भ-मराठवाड्यातलं काळं रान मे महिन्यात बघा. हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. वळवाचा दणका बसला की पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि शेजारचं ढेकूळ आतून कोरडं राहतं. तोच पाऊस झिमझिम आला तर माती सावकाश फुगते, भेगा मिटतात, रान एकसारखं भिजतं. चांगल्या मशीनमध्ये पूर्ण दाब देण्याआधी काही सेकंद हलक्या दाबानं पूड भिजवायची सोय असते, ती याच कारणासाठी.

भेगेपेक्षाही वाईट म्हणजे बांधातलं उंदराचं बीळ. पाणी त्या बिळातून वाहतं, वाहताना माती नेतं, बीळ रुंदावतं, म्हणून आणखी पाणी तिथूनच जातं, आणि सकाळी बघावं तर बांध फुटलेला. कॉफीतही असंच होतं. उतारा काढताना पुडीचं साधारण पाचव्या हिश्श्याइतकं वजन विरघळून कपात जातं. जिथं वाट सोपी तिथं जास्त विरघळतं, पोकळी वाढते, वाट आणखी सोपी होते. ९ बार दाबाखाली पाव मिनिटात ही वाट नाला होते. पुतण्याच्या व्हिडिओत नेमकं हेच दिसत होतं. त्याच्याकडे तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर आहे, म्हणजे चाळणी धरणारा दांडा, पण खाली तोटी नाही. चाळणीच्या तळाशी आधी गडद थेंब जमले, मधोमध येऊन मधासारखी धार धरू लागले, आणि तेवढ्यात कडेच्या एका छिद्रातून सुईसारखी फिकट पिचकारी उडून समोरच्या टाइल्सवर गेली. तीच वाट फुटली होती.

हे एकदा कळलं की पैसे कुठं घालायचे तेही कळतं. मशीनच्या खोक्यावर '१५ बार', '२० बार' असं ठळक छापलेलं असतं. त्याला भुलू नका. पाणी पुढं जाऊच दिलं नाही तर पंप जास्तीत जास्त किती दाब देईल, त्याचा तो आकडा आहे. कॉफीला लागतात ९. उरलेला दाब चांगल्या मशीनमध्ये झडपेतून सोडूनच द्यावा लागतो. दुसरी अंधश्रद्धा टॅम्पर नेमक्या १५ किलोंनीच दाबायचा ही. पूड एकदा घट्ट बसली की त्यापुढं १५ काय आणि २० काय, पाणी नंतर २४० किलोंनी दाबणारच आहे. दाबताना हात तिरका होऊ नये आणि टॅम्पर चाळणीत नीट बसावा, हे मात्र महत्त्वाचं. सैल टॅम्परनं कडेची पूड मोकळीच राहते आणि पिचकारी तिथूनच उडते.

सगळ्यात जास्त पैसे घाला ग्राइंडरमध्ये, मशीनपेक्षाही आधी. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. त्यात लापशीएवढे तुकडेही निघतात आणि पिठाचा धुरळाही. एस्प्रेसोचा ग्राइंडर म्हणजे जातं. दोन दात्यांच्या चकत्यांमधलं अंतर ठरलेलं, त्याहून मोठा कण बाहेर पडतच नाही. आजीच्या जात्यात खुंट्याखालची चिंधी कमी-जास्त करून भरड की पीठ ते ठरायचं, इथं ते कडं फिरवून ठरतं. एस्प्रेसोची पूड बारीक रवा आणि पीठ यांच्या मधली लागते. घेताना एवढंच बघा की कडं अगदी थोडं थोडं फिरवता येतं का, आणि चकत्या हलत नाहीत ना. बजेट कमी असेल तर हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडर विजेच्या स्वस्त ग्राइंडरपेक्षा सरस.

मग ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. चमच्यानं पूड घेणाऱ्याला रोज सारखी कॉफी मिळणं शक्यच नाही. आत गेलेली पूड, बाहेर आलेली कॉफी आणि लागलेले सेकंद, तिन्ही लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाशिकचे द्राक्षबागायतदार मण्याची गोडी ज्या तत्त्वावरच्या रिफ्रॅक्टोमीटरनं बघतात, त्याच तत्त्वावर कॉफीत किती विरघळलंय तेही मोजता येतं. पण घरी त्याची गरज नाही. जीभ पुरे.

तिसरं हत्यार सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात देखणं. जॉन वाइस या कॉफीवेड्यानं २००५ साली सुचवलं की दाबण्याआधी पूड सुईनं तळापर्यंत ढवळा, गुठळ्या मोडा, सगळीकडे सारखी पसरा. आज त्यासाठी ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या सुयांचं छोटं साधन मिळतं. बाटलीच्या बुचात ॲक्युपंक्चरच्या पाच-सहा सुया खोचूनही तेच काम होतं. वरच्या हिशेबातले ते ०.६ ग्रॅम डावीकडून उचलून सगळीकडे वाटायचे, एवढंच.

गुठळ्या मुळात होतातच का? दळताना बिया एकमेकींवर आणि धातूवर घासतात, कणांवर विद्युतभार येतो, काही कण एकमेकांना चिकटतात, काही ग्राइंडरलाच. यावर ओरेगॉन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या गटानं ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ मेंडेस हार्पर यांच्याबरोबर काम केलं. राखेच्या ढगात वीज चमकते तीही कण घासल्यामुळेच! २०२३ साली त्यांनी दाखवलं की दळण्याआधी बियांवर थोडं पाणी शिंपडलं की भार कमी होतो, गुठळ्या कमी होतात आणि तेवढ्याच पुडीतून कपात जास्त अर्क उतरतो. घरी चमच्याची दांडी ओली करून बियांत फिरवली तरी पुरतं.

याच हेंडन यांचा गणितज्ञांबरोबरचा २०२०चा अभ्यास मला जास्त आवडतो. पूड जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून उतारा जास्त, असं सगळे धरून चालले होते. त्यांना दिसलं की एका मर्यादेपलीकडे उलटं होतं. चकतीचे काही भाग तुंबतात, पाणी उरलेल्या वाटांनी जातं, उतारा घटतो आणि कपागणिक फरक वाढतो. म्हणून त्यांनी सुचवलं, २० ऐवजी १५ ग्रॅम पूड घ्या आणि थोडी जाडसर दळा. चव जरा वेगळी येईल, पण रोज सारखी येईल.

पुतण्यानं सुया मागवल्या, कडं दोन खाचा जाडसर केलं, पूड १८ वरून १६ ग्रॅमवर आणली. मी त्याला सांगितलं होतं की कॉफी झाल्यावर चकती अलगद उलटी काढ आणि फोटो पाठव. पहिल्या दिवशीच्या फोटोत कडेला काडेपेटीतल्या काडीएवढं भोक स्पष्ट दिसत होतं. परवाच्या फोटोत माथा सलग आहे, कुठं खळगा नाही. खाली त्यानं तीन दिवसांचे सेकंद लिहिलेत: २७, २८, २७. मी येत्या रविवारी पुण्याला जाणार आहे, कॉफी प्यायला आणि तो काटा घेऊन ०.६ ग्रॅमचा हिशेब स्वतः करून बघायला.