उपास असेल तर टॅटूची तारीख बदलून घ्या

(आमच्याकडे अपॉइंटमेंट घेतलेल्यांनी येण्याआधी एवढं वाचाच)

दर संकष्टीला, त्यात अंगारकी असली तर नक्कीच, कुणी ना कुणी गणपतीचा टॅटू काढायला येतं आणि खुर्चीत बसल्यावर सांगतं की आज उपास आहे, सकाळपासून नुसता चहा झालाय. दिवस मनापासून निवडलेला असतो, ते कळतं, पण उपाशी माणसावर आम्ही मशीन चालवत नाही आणि त्यावरून दर वेळी वाद होतो, म्हणून हे लिहितोय.

होतं काय, पोट रिकामं, शुगर उतरलेली, वर सुईचं टेन्शन, की बीपी एकदम पडतं. आधी जांभया, मग कानात गुंई, चेहरा पांढरा, दरदरून घाम आणि चक्कर. रोज जिमला जाणारी मुलंसुद्धा आडवी झालेली बघितलीत. मग पाय वर करून झोपवा, लिंबू सरबत द्या, अर्धा तास गेला, तोवर घामाने स्टेन्सिल (कातडीवर आधी उमटवलेला डिझाइनचा छाप) पुसलेलं असतं आणि हात थरथरत असेल तर रेघ सरळ येत नाही. अर्धवट सोडलं तर ती जागा भरायला तीन-चार आठवडे थांबावं लागतं, त्याआधी तिथे परत सुई लावत नाही. एका दिवसाच्या हट्टापायी तुमचा महिना जातो आणि आमचा पुढचा कस्टमर ताटकळतो ते वेगळंच.

तर दीड-दोन तास आधी नीट जेवा. वरण-भात, पोळी-भाजी, घाई असेल तर सेव उसळ-पाव खाऊन आलात तरी चालेल. "खिचडी खाल्लीये ना" असंही म्हणतात, छोट्या नावाला ठीक आहे पण तीन तासांच्या कामाला वाटीभर साबुदाणा पुरत नाही. संकष्टीचाच मुहूर्त हवा असेल तर त्या दिवशी येऊन डिझाइन पक्कं करा, टॅटू दुसऱ्या दिवशी जेवून काढू, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत.

आदल्या दिवशी दारू नको, रक्त जास्त येतं आणि शाई नीट बसत नाही. रक्त पातळ करायची गोळी किंवा शुगर असेल तर आधी सांगा, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. घरी रेझर फिरवून येऊ नका, कापलेल्या कातडीवर काम होत नाही, केस आम्हीच नव्या ब्लेडने काढतो. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर १२ महिने करता येत नाही, हे लक्षात ठेवून तारीख घ्या.

नावाचा टॅटू असेल तर नाव कागदावर देवनागरीत लिहून आणा. आपल्या बडोद्यात बरीच मुलं गुजराती मीडियमची, नाव रोमनमध्ये पाठवतात, आता शीला की शिला हे आम्ही कसं ओळखणार? आजी-आजोबांकडून लिहून घेतलं तर उत्तमच. स्टेन्सिल लावल्यावर आरशात नाही, सरळ फोटो काढून वाचा, वेलांटी तपासा आणि मगच हो म्हणा.

भाव जास्त वाटतो असं काहीजण म्हणतात. पूर्वी जत्रेत एकाच सुईने कितीतरी जणांना गोंदायचे, पण कावीळ बी, सी, एचआयव्ही हे सगळं रक्तातून पसरतं. इथे सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटतं, शाईची वाटी, ग्लोव्हज सगळं एकदाच वापरून टाकतो. डिझाइन काढायला कधीकधी अख्खी संध्याकाळ जाते, म्हणून एक दिवस आधी न कळवता आला नाहीत तर अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही.

आणि गरबा! घटस्थापनेच्या दोन दिवस आधी पाठीवर टॅटू काढून नऊ रात्री घामात नाचलात, वर चोळीची नाडी घासली, तर खपली निघते आणि रंगही जातो. वरची कातडी भरायलाच दोन-तीन आठवडे लागतात. गणपती बसायच्या आधी या, घटस्थापनेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त मिळतात. उशीर झालाच तर नवरात्रापुरता रंगाने काढून देतो, पक्का टॅटू दिवाळीनंतर. भाद्रपदातल्या तारखा लवकर भरतात, श्रावणातच फोन करून ठेवा.