वेलीचा काढा आणि खिशातली गोळी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी रविवारचे पोहे चालले होते. जिरावण भुरभुरवता भुरभुरवता भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या महिन्यात पेरूला चाललोय, आयाहुआस्का घ्यायला." आणि पाण्याच्या घोटाबरोबर रोजची गोळी गिळली. मी स्ट्रिप उलटून पाहिली. फ्लुओक्सेटिन. नैराश्यावरची.

आयाहुआस्का म्हणजे दोन वनस्पतींचा काढा: एक वेल आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. ॲमेझॉनच्या जंगलातले लोक तो विधीपूर्वक घेतात. पेरूने २००८ मध्ये या परंपरेला राष्ट्रीय वारसा ठरवलं. (आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार त्यातलं डीएमटी हे भास घडवणारं रसायन बंद आहे, तेव्हा कुणी फार्महाऊसवर 'सोहळा' भरवला तर जाऊ नये.) हे डीएमटी चाक्रुनाच्या पानांत असतं. नुसती पानं उकळून प्यायली तर विशेष काही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ हे विकर त्याचा फडशा पाडतं. वेलीतलं हार्मिन या विकरालाच अडवतं, आणि मग चार-सहा तास अंमल. प्रयोगशाळेशिवाय ही जोडी कुणी जुळवली, याचं मला अजून नवल वाटतं.

घोळ इथेच आहे. एमएओ सिरोटोनिनही मोडतं, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन; आणि फ्लुओक्सेटिन तेच साठवून ठेवतं. मोरीतून पाणी जायला दोन वाटा असाव्यात, एक गोळीने बुजवावी आणि दुसरी काढ्याने, तसं होतं. पाणी तुंबतं. काढ्याने उलटी बहुतेकांना होतेच, तिला घाबरायचं कारण नाही; पण अंग तापलं, थरथर सुटली, स्नायू ताठरले, माणूस बरळू लागला तर गाणी-मंत्र तिथेच थांबवून इस्पितळ गाठायचं. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल यांचंही एमएओ अडवणाऱ्या औषधांशी असंच वाकडं आहे.

"मग आठवडाभर आधी गोळी बंद करतो की!"

"अरे, फ्लुओक्सेटिन कित्येक आठवडे अंगात रेंगाळतं. एमएओ रोखणारं औषध सुरू करायच्या आधी डॉक्टर साधारण पाच आठवडे थांबतात. आणि मनानेच गोळी सोडलीस तर आधीचंच दुखणं उसळेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नकोस."

रक्तदाब, हृदयाचं दुखणं यांवर तो मान डोलावत होता. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर घरात असेल तर हा काढा नकोच, म्हटल्यावर मात्र गप्प झाला. त्याचे धाकटे काका. त्यांच्या आजाराचं नाव त्या घरात कुणी घेत नाही.

त्याने मोबाइलवर तिथल्या केंद्राचा भरलेला फॉर्म उघडला. 'कुटुंबात मानसिक आजार?' पुढे 'नाही' होतं. औषधांचा रकाना कोराच.