मुडदूस

वाढत्या वयातील हाडांमध्ये कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार पुरेसे न साचल्यामुळे होणारा विकार. हाड लांबीने वाढत राहते, पण घट्ट होत नाही. मूल उभे राहू लागले की त्याच्याच भाराने पाय धनुष्यासारखे वाकतात. ड जीवनसत्त्वाचा अभाव हे प्रमुख कारण. बोलीत मात्र खंगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या कोणत्याही मुलाला मुडदूस झाला असे म्हणतात. प्रत्यक्षात या विकाराचे मूल पुष्कळदा गुटगुटीत दिसते.

प्राचीन उल्लेखांविषयी एकमत नाही. काश्यपसंहिता या बालरोगांवरील आयुर्वेदीय ग्रंथात, वर्ष उलटूनही जे मूल पायांनी चालत नाही त्याला फक्क म्हटले आहे आणि क्षीरज (दुधामुळे), गर्भज (गर्भामुळे) व व्याधिज (रोगामुळे) असे तीन प्रकार दिले आहेत. आयुर्वेदाच्या अनेक आधुनिक पाठ्यपुस्तकांत फक्क म्हणजे मुडदूस असे सरळ समीकरण मांडलेले असते. परंतु व्याधिज फक्काच्या वर्णनातील सुकलेले नितंब व मांड्या आणि मोठे पोट ही लक्षणे सर्वसाधारण कुपोषणाशी अधिक जुळतात. म्हणून फक्क हे चालण्यास विलंब लावणाऱ्या अनेक विकारांचे एकत्र नाव मानणे अधिक सयुक्तिक. याच प्रकरणात अशा मुलासाठी तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे; आपल्याकडचा पांगुळगाडा त्याच घडणीचा. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून ती १९३८ मध्ये प्रकाशित झाली.

यूरोपात डॅनियल व्हिसलर (१६४५) व फ्रान्सिस ग्लिसन (१६५०) यांनी या विकाराची स्वतंत्र वर्णने केली. अग्रमान व्हिसलरकडे जातो. तपशिलाच्या दृष्टीने ग्लिसनचा ग्रंथ सरस आहे. ‘रिकेट्स’ हे मुडदुसाचे इंग्रजी नाव त्याआधीच लोकांच्या तोंडी होते. ग्लिसनने त्याला पाठीच्या कण्याच्या ग्रीक शब्दावरून ‘रॅकायटिस’ हे विद्वत्तापूर्ण रूप दिले, त्यामुळे मूळ शब्दही ग्रीकच असावा असा समज पुढे रूढ झाला. १८२२ मध्ये पोलिश वैद्य श्न्यादेत्स्की यांनी शहरी मुलांतील मुडदुसाचा संबंध उन्हाच्या अभावाशी जोडला. १९१९ मध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण दाखवला, तर त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी पारद-दिव्याच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाने मुले बरी केली. एका हातावर प्रकाश टाकला, तर दुसऱ्याही हाताचे हाड सुधारले. तेल की ऊन, या वादाचा निकाल दोन्ही बाजूंनी लागला: त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलपासून उन्हात तयार होणारा पदार्थ व तेलातील पदार्थ एकच.

महाराष्ट्राचा संबंध येथे थेट येतो. हचिसन व शाह यांची नाशिक भागातील पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील घरांत मुडदूस आढळला. निकृष्ट आहारावर, पण उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो विरळ होता.

त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे किरण सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे असतात. सूर्य खाली असताना वातावरण त्यांतील बहुतेक शोषून घेते. त्यामुळे तेल लावून तान्ह्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याच्या प्रथेतून ऊब मिळते, जीवनसत्त्व फार थोडे. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल ते ऊन उपयोगी, असा ढोबळ नियम सांगतात. बंद काचेतून आलेले ऊन यासाठी निरुपयोगी. गडद वर्ण, धूर व धूळ यांनीही निर्मिती घटते.

निदान करताना मनगटाची रुंद झालेली हाडे, बरगड्यांच्या टोकांवर मण्यांच्या माळेसारखे उंचवटे आणि उशिरा भरणारी टाळू पाहतात. क्ष-किरण चित्रात मनगटाजवळची हाडाची कड सरळ न दिसता बशीसारखी खोलगट व विसकटलेली दिसते. रक्तातील ड जीवनसत्त्व किती असावे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०११ मध्ये अमेरिकेतील एका समितीने प्रतिमिलिलिटर २० नॅनोग्रॅम पुरेसे मानले, तर अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने ३०; पुढे २०२४ मध्ये या संघटनेने आपला आकडा मागे घेतला. मुडदुसापुरती १२ ही मर्यादा अधिक व्यवहार्य वाटते. भारताच्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय बालपोषण सर्वेक्षणात ड जीवनसत्त्वाची कमतरता १ ते ४ वर्षे वयोगटात १४ टक्के, तर १० ते १९ वयोगटात २४ टक्के आढळली.

ऊन भरपूर असलेल्या प्रदेशांतील काही रुग्णांत मूळ उणीव कॅल्शियमची असते. दूध नसलेल्या, केवळ धान्यावरच्या आहारातील फायटेट हा धान्यातला घटक कॅल्शियमचे शोषण अडवतो. नाचणीत दर १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, पण फायटेटही असते.

आईच्या दुधात ड जीवनसत्त्व अत्यल्प असल्याने पहिल्या वर्षी रोज ४०० आंतरराष्ट्रीय एककांचे (आययू) थेंब देण्याची शिफारस आहे. प्रौढांत याच जीवनसत्त्वाच्या अभावाने अस्थिमृदुता, म्हणजे हाडे मऊ पडण्याचा विकार, होते.