गढूळ पाणी, हिरवं पाणी अन् आपले मामा तलाव

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, उन्हाळ्यात कोणत्याही तलावाच्या पाळीवर गेलं की पाणी एकतर मातकट नाहीतर हिरवंगार दिसते, आणि गावात लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो गाळ काढा, दुसरा म्हणतो शेवाळाचं बघा. माझ्या मते हे भांडणच चुकीचं आहे, उथळ तलावात दोन्ही गोष्टी एकमेकांच्या आधाराने जगतात. पण हे समजायला शास्त्रज्ञांनाही लय वर्षं लागली.

1865 मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजलं. आजही तीच पद्धत चालते, फक्त तबकडी मातीमुळे दिसेनाशी झाली की शेवाळामुळे, हे काही ती सांगत नाही. पुढचा बराच अभ्यास झाला थंड प्रदेशातल्या खोल तलावांवर, तिथं गाळ तळाशी बसला की सहसा बसूनच राहतो. 1941-42 मध्ये मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने दाखवलं की तळातला ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहाला चिकटलेला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, सुटून पाण्यात येतो. 1973 मध्ये कॅनडात शिंडलर या शास्त्रज्ञाच्या टीमने एका तलावाच्या मधोमध पडदा लावून दोन्हीकडे कार्बन-नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला, आणि तीच बाजू हिरवी झाली.

आता आपल्या पुरुषभर पाण्याच्या तलावाचं बघा. वारा सुटला की लाट तळापर्यंत पोचते, माती वर येते, उजेड कमी होतो, मग शेवाळ वाढणार कसं? हे खरं आहे, पण अर्धंच, कारण तीच माती फॉस्फरस घेऊन वर येते, अन् दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्याने पीएच चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होते, आणि मातीला चिकटलेला फॉस्फरस अजूनच सुटतो. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशीत हवेच्या बारीक नळ्या असतात, ते तरंगत वर येऊन बसते, खाली कितीही गढूळ असो त्याला काय फरक! उलटंही होते म्हणा, शेवाळाच्या चिकट स्रावाने मातीचे कण शेवाळासकट गोळा होऊन खाली बसतात. कोरियात 1996 पासून समुद्राचं पाणी लाल करणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर पिवळी माती फवारतात ती याच तत्त्वावर. पण उथळ पाण्यात बसलेलं पुढच्या वाऱ्याला परत वर.

या सगळ्याची सांगड घातली मार्टेन शेफर हा तलावांचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये. उथळ तलाव दोनच अवस्थांत टिकतो, एकतर पाणवनस्पती भरपूर अन् पाणी नितळ, नाहीतर वनस्पती गायब अन् पाणी गढूळ-हिरवं. वनस्पतींची मुळं गाळ धरून ठेवतात, पानं लाट मोडतात. त्या एकदा गेल्या की फॉस्फरस थोडाफार कमी करून तलाव मागे फिरत नाही.

आपल्याकडे या पाणवनस्पती काहून गेल्या, त्याला वेगळा इतिहास आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते, 1951 मध्ये मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले, म्हणून नाव माजी मालगुजारी, मामा तलाव. मग देखरेख सुटली, काठावर बेशरम नावाचं तण माजलं, धानाच्या बांध्यांतलं खत वाहून तलावात येऊ लागलं. त्यावर मासेमारीसाठी सोडलेला कॉमन कार्प तळ उकरून खातो आणि ग्रास कार्प तर वनस्पतीच खातो, म्हणजे गाळ वर आणणारा एक अन् गाळ धरणारं संपवणारा दुसरा, दोघेही आपणच आणलेले. भंडारा भागात मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींना सोबत घेऊन बेशरम उपटून मूळच्या पाणवनस्पती परत लावायचं काम झालंय, मला तरी तोच रस्ता बरोबर वाटतो.

2017 च्या, तलावातला गाळ काढून शेतात टाकायच्या सरकारी गाळमुक्त धरण योजनेनंतर खोदकामाला जोर आला. गाळ शेतात गेला तर चांगलंच, त्यासोबत फॉस्फरसही जातो. पण जेसीबीने काठ उभा तासून टाकला तर वनस्पतींना रुजायला उथळ जागाच उरत नाही, मग पाणी वाढते, हिरवेपण तसंच.