आवळ्या-भोपळ्याची मोट : रेकॉर्डींच्या ढिगातून स्वतःची कॅसेट

मध्यमवर्गीय मराठी घरातला रेकॉर्डींचा साठा सहसा कुणी ठरवून जमवलेला नसायचा. आजोबांच्या वेळच्या बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, त्यांना चिकटून अब्दुल करीम खाँ, वडलांनी घेतलेली गीतरामायणाच्या संचातली एखाद-दुसरी लाँगप्ले (बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी मोठी तबकडी), काकाने चोरबाजारातून उचललेला जिम रीव्ह्ज, लग्नात आहेर म्हणून आलेली शहनाई, गोव्याच्या पाहुण्यांनी ठेवून गेलेली लॉर्नाची कोंकणी गाणी आणि मधेच दादा कोंडक्यांच्या चित्रपटाची एखादी ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी. या आवळ्या-भोपळ्याच्या मोटेतून हवी ती दहा-बारा गाणी काढून हव्या त्या क्रमाने एका कॅसेटवर भरायची, हा १९८०च्या दशकात पुष्कळ घरांतला सुट्टीचा उद्योग होता.

ही हौस कॅसेटने जन्माला घातली, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात अर्धंच तथ्य आहे. गाणं निवडून ऐकण्याची सोय तबकडीबरोबरच आली होती. कोणत्या गाण्यामागे कोणतं लागणार, हे ठरवणं मात्र बराच काळ दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती राहिलं. तो हक्क घरात कसा आला, याची ही हकीकत.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात उतरला आणि त्याने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायची सोय इथे नव्हती. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे छापून परत येत. कोणाचं गाणं हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गायक-गायिका शेवटी आपलं नाव पुकारायच्या. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना निघाला, तरी हे नाव पुकारणं काही वर्षं चालूच राहिलं. पुढे कॅसेट भरणाऱ्यांमध्ये यावरून दोन तट पडले : एकाला ते नाव कापून टाकायचं असे, दुसऱ्याला त्याशिवाय तबकडी अर्धी वाटे. माझं मत दुसऱ्या तटाकडे.

७८ची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर बालगंधर्वांचं एखादं पद वन्समोअर घेत घेत कितीही रंगायचं, तबकडीवर ते त्या तीन मिनिटांत बसवावं लागे. बाजू संपली की उठायचं, तबकडी पालटायची, पोलादी पिन बदलायची, चावी द्यायची. म्हणजे प्रत्येक गाणं सुटं होतं आणि प्रत्येक गाण्यानंतर 'आता काय लावू?' हा प्रश्न होता. घरात त्याचं उत्तर ग्रामोफोनजवळ बसलेला देई आणि ते दर वेळी निराळं निघे. दुसऱ्या दिवशी तोच क्रम पुन्हा लागावा, असं काही साधन नव्हतं.

क्रम लावण्याचं काम पहिल्यांदा धंदा म्हणून केलं ते लाउडस्पीकरवाल्याने. त्याच्यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही, ही मोठीच उणीव आहे. मंडपवाल्याबरोबर तो यायचा : कप्प्यांच्या पेटीत उभ्या लावलेल्या तबकड्या, अ‍ॅम्प्लिफायर, झाडाला नाहीतर गच्चीच्या कठड्याला बांधायचे कर्णे. पहाटे सनई, मग भक्तिगीतं, पंगती बसल्या की भावगीतं, वऱ्हाडी सुस्तावले की सिनेमा, संध्याकाळी पोरं गोळा झाली की त्यांच्या फर्माइशी. गणेशोत्सवात आरतीच्या आधी काय आणि नंतर काय, याचे त्याचे आडाखे पक्के असत. तबकडी संपून दुसरी लागेपर्यंतची शांतता जितकी कमी, तितका माणूस तयार. एकाच पेटीतून धार्मिक, शास्त्रीय आणि उडतं असं सगळं काढून दिवसभराचा एक आकार देणारा हा माणूस पुढच्या डीजेंचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

दुसरा क्रम रेडिओचा. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्याचे आणि अभिजात संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीने १९५७ मध्ये विविध भारती काढली ती हे गेलेले श्रोते परत आणायला. सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचं गाणं सैगलचं असे. ते लागलं की आठ वाजत आले, हे घड्याळ न बघता समजायचं. शेवटी काय असणार हे ठाऊक असेल, तर आधीची गाणी त्या शेवटाकडे चाललेली वाटतात. कॅसेट भरणाऱ्या एका पिढीने हा धडा असा फुकटात घेतला.

आणि मैफल तर होतीच. आधी ख्याल, मग ठुमरी किंवा नाट्यपद, अभंग, शेवटी भैरवी. भैरवी झाली की उठायचं. तिच्यानंतर पुन्हा काही गायलं तर जाणकार कपाळाला आठ्या घालत. मराठी माणसाने घरी भरलेल्या जुन्या कॅसेटी ऐकल्या तर हा साचा वारंवार सापडतो. बी साइडच्या शेवटी एखादी भैरवी हमखास, मग ती अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी असो नाहीतर भैरवीतलं सिनेमाचं गाणं. इंग्रजी गाणी असतील तर ती बहुधा ए साइडच्या मध्यावर, म्हणजे मंडळी सैलावून बसलेली असताना.

यंत्रांच्या बाजूने पाहिलं तर १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँगप्ले आणली, पाठोपाठ १९४९ मध्ये आरसीए कंपनीने ४५ची छोटी तबकडी. लाँगप्लेने वीस-बावीस मिनिटं सलग दिली, पण क्रम कंपनीचा. छोट्या तबकडीने उलट केलं. चेंजर असलेल्या प्लेअरच्या दांडीवर आठ-दहा तबकड्या रचून ठेवल्या की एकेक आपोआप खाली पडायची. घरच्या घरी आधी ठरवून लावलेला हा पहिला क्रम म्हणता येईल, फक्त एकाच बाजूंचा. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्स आले आणि तिथे नाणं टाकून आपल्या गाण्यामागे दुसऱ्या टेबलाचं गाणं ऐकण्याची पाळी यायची. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये विकत घ्यायच्या आधी रेकॉर्ड ऐकायला छोट्या खोल्या होत्या. १९४८ मध्ये सुरू झालेलं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं.

त्यानंतर आला स्पूलचा, म्हणजे मोठ्या चकरीवर गुंडाळलेल्या फितीचा टेपरेकॉर्डर. तो मोजक्यांकडे असे. परदेशी ग्रुंडिग किंवा आकाई, त्यावर जकात, वर स्पूलचा खर्च. या मंडळींनी रेडिओवरचं आणि खासगी मैफलींतलं गाणं जपलं, ते ऋण मोठं आहे. पण त्यांना ध्यास होता अख्खी मैफल टिपण्याचा. सुटी गाणी जुळवत बसणं त्यांना थोडं पोरकट वाटत असावं.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट मांडली ती मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी. जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग. यात संगीत चांगलं उतरेल असं सुरुवातीला कुणाला वाटलं नव्हतं. आपल्याकडे ती घराघरांत पोचली ती सत्तरीच्या अखेरीस, आखाताच्या वाटेने. रत्नागिरीकडची नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) घेऊन येत. मुंबईत मुसाफिरखान्याच्या परदेशी मालाच्या बाजारात तो मिळे. मग आयातीचे नियम सैलावले, देशी कारखाने निघाले आणि पाहता पाहता तबकडीचा बाजार आटला. छोट्या कंपन्यांनी भीमगीतं, कोळीगीतं, देवस्थानांची गाणी ढिगाने काढली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने मैफलींच्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेटी काढल्या. हे सगळं विकत घ्यायचं. पण दोन बटणं एकदम दाबली की आपणही मुद्रण करू शकतो, हे घरातल्या शाळकरी पोरालाही कळलं होतं आणि खरी उलथापालथ तिथे झाली.

ज्याच्याकडे प्लेअर नाही तो दुकानात जायचा. 'येथे कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी तालुक्याच्या गावीही दिसे. दुकानदाराकडे वह्या असत : सिनेमावार, गायकवार गाण्यांच्या याद्या, प्रत्येकाला नंबर. गिऱ्हाइकाने नंबर लिहून द्यायचे, कोरी कॅसेट आपली किंवा त्याची. 'दोन जास्त लिहून ठेवा,' असं तो सांगायचा, कारण सी-६०च्या एका बाजूला तीस मिनिटं आणि गाणी काही मोजून मापून केलेली नसतात. क्रम मात्र तो बिनदिक्कत बदलायचा. त्याला एकच लाँगप्ले दोनदा काढा-ठेवायचा कंटाळा, त्यामुळे एका सिनेमाची गाणी लागोपाठ. बाजू संपताना शेवटचं गाणं मधेच तुटलं तर नशीब आपलं.

म्हणून घरी भरणं. त्याची रीत ठरलेली होती. कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंद पारदर्शक किंवा रंगीत पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. ती षटकोनी पेन्सिलीने फिरवून तपकिरी फीत खिडकीत आणायची. रेकॉर्ड आणि प्ले दाबून पॉज धरायचा. सुई कडेच्या खाचेत ठेवायची, खरखर ऐकायची आणि तानपुरा किंवा पहिलं वाद्य सुरू होण्याच्या अंमळ आधी पॉज सोडायचा. मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. पंचाईत व्हायची ती ७८ आणि लाँगप्ले शेजारी आल्यावर. ७८ची खाच रुंद, तिला जाड टोकाची सुई लागते. लाँगप्लेच्या बारीक सुईने ती वाजवली तर टोक खाचेच्या तळाशी हिंदकळतं आणि नुसतीच खरखर वाढते. म्हणून कार्ट्रिजवरची (सुई धरणाऱ्या भागावरची) सुई पालटायची, वेग बदलायचा, आवाजाची पातळी पुन्हा लावायची. शिवाय सुराच्या पट्टीचा प्रश्न. काळी एकमधल्या पुरुष आवाजावर लगेच काळी चारमधली गायिका आली तर कानाला धक्का बसतो. अनुभवी लोक मधे एखादं वाद्य घालत, बहुतेक वेळा शहनाई नाहीतर पन्नालाल घोषांची बासरी. त्याच ७८चा एक फायदाही होता. बाजूच्या शेवटी तीन मिनिटं उरली की तिथे नेमकी एक जुनी तबकडी मावायची, त्यामुळे कित्येक कॅसेटींत इंग्रजी किंवा सिनेमाच्या गाण्यामागे एकदम मास्टर दीनानाथ उभे राहतात. हे मीलन रसिकतेने झालं की उरलेल्या फितीमुळे, ते सांगणं कठीण.

सगळं मनासारखं झालं की कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे कान तोडायचे, म्हणजे कुणी चुकून त्यावर दुसरं काही भरणार नाही. मन बदललं तर त्या भोकांवर सेलोटेप.

हे कायदेशीर होतं का? ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये कॅसेटला कवटीचं रूप देणारं चित्र काढून घरगुती टेपिंगविरुद्ध मोहीमच चालवली. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाली : किमान सहा महिने कैद आणि ५० हजार रुपये दंड. रोख चोरट्या छपाईवर होता, पण भरून देणारा दुकानदारही कक्षेबाहेर नव्हता. घरच्या माणसाची गंमत वेगळीच. खासगी वापराची सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना होती आणि ध्वनिमुद्रण हा कायद्याच्या लेखी स्वतंत्र प्रकार. आपल्याच पैशाच्या रेकॉर्डवरून आपल्यासाठी भरलेली कॅसेट त्या सवलतीत स्पष्टपणे बसत नव्हती. संगणक प्रणाली सोडून बाकी सगळ्या प्रकारांना ती सवलत मिळाली २०१२च्या दुरुस्तीने, म्हणजे टेपरेकॉर्डर माळ्यावर गेल्यावर.

पुढचा भाग झपाट्याने घडला. रेकॉर्डेबल सीडीवर ८० मिनिटं सलग मिळाली आणि बाजू उलटण्याची विश्रांती गेली. मग एमपी३ : एका सीडीत दीडशेच्या आसपास गाणी, बारा तासांचा ऐवज. दीडशे गाण्यांचा क्रम कोण लावतो? मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, तिथे तर फोल्डरच्या फोल्डर उचलून टाकायचे. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने पाच हजार गाणी आत भरलेला, रेडिओसारखा दिसणारा 'कारवाँ' प्लेअर आणला, पुढे मराठीतही. ज्येष्ठांनी तो डोक्यावर घेतला. निवड आणि क्रम दोन्ही पुन्हा कंपनीकडे गेले, याची फारशी कुणाला खंत वाटली नाही. फोनवरच्या याद्यांत क्रम आपला असतो खरा, पण शफलचं बटण बोटाखालीच असतं.

जुन्या तबकड्यांचं काम मात्र संपलेलं नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली आणि संग्राहकांच्या ऐकण्याच्या बैठका सुरू झाल्या. एखादा विषय घेऊन वेगवेगळ्या पेट्यांतल्या तबकड्या एका ओळीत लावायच्या, असं त्यांचं स्वरूप. मोठ्या कंपन्यांचं जुनं गाणं आज फोनवर मिळतं. पण मुंबईच्या यंग इंडियासारख्या बंद पडलेल्या कंपन्यांच्या कित्येक तबकड्या अजून कुणाच्याच यादीत नाहीत. त्या आपल्या मिश्रणात हव्या असतील तर ७८चा वेग असलेला प्लेअर, जाड टोकाची सुई आणि लॅपटॉपला जोडायची वायर, एवढी जमवाजमव अजून करावीच लागते.